अब्बांची खुर्ची

आमचे अब्बा खुर्च्या विणायचे. सुतारकाम नाही, फक्त विणकाम. लाकडाची चौकट सुतार करून द्यायचा आणि बसायची व पाठीची जाळी अब्बा वेताच्या पट्ट्यांनी भरायचे. लहानपणी देवी आल्या आणि त्यांची दृष्टी गेली. सतरा-अठराव्या वर्षी ते मुंबईला अंधांच्या एका संस्थेत राहिले, तिथे ब्रेल शिकले आणि हे हुनर शिकले. १९६३ साली सोलापूरच्या एका सरकारी कचेरीत त्यांना ‘खुर्ची विणणारा’ म्हणून नोकरी लागली. आज नव्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही, पण सरकारी कचेऱ्यांतून अशी पदे असत, आणि त्यांवर बहुतेक करून न दिसणारी माणसेच असत.

आम्ही तिघे भावंडे. आपा थोरली, मग आम्ही दोघे भाऊ. अब्बांना कचेरीत सोडायला आणि आणायला आमची पाळी असायची. त्यामुळे शाळेआधी आणि शाळेनंतर आमचे बालपण त्या कचेरीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. एका घमेल्यात पाणी, पाण्यात भिजत घातलेला वेत, एका बाजूला जाळी फाटलेल्या खुर्च्यांची चळत. कोरडा वेत वाकवला की तडकतो, म्हणून तो भिजवायचा. अब्बा आधी चौकटीची भोके सळईने साफ करायचे, मग उभे पदर, त्यावर आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे आणि शेवटी दोन दिशांनी तिरपे. तिरपे पदर ओढले की जाळी ताणली जायची, चौकोनाचे कोपरे कापले जाऊन अष्टकोनी डोळे पडायचे. आम्ही ते डोळे मोजायचो. अब्बा मोजत नसत. ते तळहात जाळीवरून फिरवायचे आणि चुकलेल्या पदरावर बोट थांबायचे.

एक खुर्ची भरायला त्यांना दोन दिवस लागत. जाळी नीट वापरली तर दहा-बारा वर्षे टिकते. साहेब खुर्चीवर उभे राहून पंखा साफ करून घेतात तिथे दोन वर्षेही टिकत नाही, असे ते म्हणायचे.

नव्वदीच्या आसपास कचेरीत प्लॅस्टिकच्या आणि लोखंडी नळ्यांच्या खुर्च्या येऊ लागल्या. त्यांना विणायचे काही नव्हते. जुन्या सागवानी खुर्च्यांचे निर्लेखन झाले, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरातून त्यांची नोंद काढली गेली. १९९६ साली शेडमधली सगळी चळत एका भंगारवाल्याने एकगठ्ठा उचलली. त्याच्याकडून अब्बांनी एक हातांची खुर्ची पंचेचाळीस रुपयांना विकत घेतली. ती त्यांनी तीन वेळा विणलेली होती; चौकटीच्या मागच्या बाजूला सुताराचा हात घसरून पडलेली एक खाच होती, तिच्यावरून त्यांनी ती ओळखली. चौथ्यांदा ती त्यांनी घरी, आमच्या ओट्यावर बसून विणली. १९९८ मध्ये ते निवृत्त झाले, त्यांचे पद पुन्हा भरले गेले नाही. पेन्शनचे कागद बराच काळ या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. त्या कचेरीचे नाव इथे नको. शेवटी पैसे मिळाले.

आता आमची चूक सांगतो. २००४ साली धाकट्याचे लग्न ठरले. मुलीकडच्यांनी सोफासेट दिला. घर दोन खोल्यांचे, सोफा ठेवायला जागा नव्हती. आम्ही तिघांनी मिळून ठरवले की अब्बांची खुर्ची काढावी. अब्बांना विचारले नाही. ‘अब्बा, सोफ्यावर आरामात बसा,’ असे सांगितले. दारावर आलेल्या भंगारवाल्याने एक बादली दिली, प्लॅस्टिकची, निळी. अब्बा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर कितीतरी दिवस अस्रची नमाज झाली की ते त्या कोपऱ्याकडे चालत जायचे आणि कमरेच्या उंचीवर हात पुढे करून खुर्चीचा हात शोधायचे. हाताला सोफ्याचे रेक्झिन लागायचे, मग ते आपले खाली चटईवर बसायचे. आम्ही ते बघायचो. त्यांना आम्ही बघतो आहोत हे दिसत नव्हते, एवढाच आमचा आडोसा.

२०११ साली एका संध्याकाळी आपा अब्बांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या खुर्च्या युरोप-अमेरिकेत लिलावात विकल्या जात आहेत आणि एकेका जोडीला लाखो रुपये येत आहेत, अशी ती बातमी होती. कसल्या खुर्च्या? सागवानी चौकट आणि वेताची जाळी. आपा थांबली. अब्बांनी पुढे वाचायला सांगितले.

त्या दिवसापासून या खुर्च्यांचा आम्हाला नाद लागला. मिळेल ते वाचले, अब्बांना वाचून दाखवले. वाचकांपैकी ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

१९४७ साली पंजाबची फाळणी झाली. लाहोर पाकिस्तानात गेले आणि हिंदुस्थानातल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. त्या उलथापालथीत पूर्व पंजाबातले बहुतेक मुसलमान सरहद्दीपलीकडे गेले आणि पलीकडून हिंदू-शीख लाखोंनी इकडे आले. नव्या राजधानीसाठी शिवालिकच्या पायथ्याशी जागा निवडली गेली. आधी अल्बर्ट मेयर हा अमेरिकन नियोजक आणि मॅथ्यू नोविकी हा वास्तुविशारद काम पाहत होते. १९५० साली नोविकी विमान अपघातात गेला. मग फ्रान्समधून ल कॉर्बुझिए आला. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे जोडपे. ल कॉर्बुझिए वर्षातून एक-दोन वेळा येऊन जायचा. फ्राय आणि ड्रू तीन वर्षे राहिले. जानरे मात्र राहिलाच. १९५१ पासून १९६५ पर्यंत, जवळपास चौदा वर्षे. मूळचा जिनिव्हाचा, लग्न न केलेला, अबोल माणूस. मोठ्या इमारतींवर नाव भावाचे लागले. घरे, शाळा, विद्यापीठ आणि दिवसेंदिवसाची देखरेख याच्याकडे. १९६७ साली तो जिनिव्हात वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात सोडली गेली.

शहर उभे राहत होते, पण कचेऱ्यांत बसायला काही नव्हते. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, विद्यापीठ, वाचनालये, आमदारांची निवासस्थाने, सगळीकडे हजारोंनी खुर्च्या-टेबले हवी होती. म्हणून जानरे आणि त्याच्या हाताखालचे हिंदुस्थानी वास्तुविशारद यांनी नमुने काढले आणि ठिकठिकाणच्या कारखान्यांतून सुतारांकडून ते बनवून घेतले. या हिंदुस्थानी मंडळींत युली चौधरी ही बाई होती, जिचा या खुर्च्यांत मोठा वाटा आहे असे आता अभ्यासक मानतात. ए. आर. प्रभावळकर असे एक आपल्याकडचे आडनावही त्या यादीत आहे. लिलावाच्या पुस्तकात मात्र बहुतेक वेळा एकच नाव छापले जाते.

खुर्ची साधी आहे. दोन्ही बाजूंचे पाय उलट्या ‘व्ही’सारखे, शाळेतला कंपास उघडून उभा केल्यासारखे. वर त्यांच्यावर हात ठेवायची फळी. मधे बसायची आणि पाठीची चौकट, जराशी मागे कललेली, वेताने भरलेली. सागवान, कारण त्याला वाळवी सहज लागत नाही आणि ते पावसाळ्यात फुगून सांधे सोडत नाही. वेत, कारण तिकडच्या उन्हाळ्यात पाठीला हवा लागते. नमुना एकच, पण करणारे हात अनेक, म्हणून दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या नसतात. पाठीमागे पांढऱ्या रंगात खात्याची अक्षरे आणि नंबर. तोच आपला डेडस्टॉक.

पुढे तिथेही आपल्याकडे झाले तेच झाले. लोखंड आले, फोम आला, प्लॅस्टिक आले. जुन्या खुर्च्या गच्च्यांवर, जिन्यांखाली, आवारात पावसात ढीग घालून ठेवल्या गेल्या. निर्लेखन झाले, लिलाव झाले, जळणाच्या भावाने त्या गेल्या. नव्वदीच्या अखेरीपासून पॅरिसच्या काही व्यापाऱ्यांनी हे लिलाव गाठले. त्यांनी रीतसर बोली लावून, पावती घेऊन माल उचलला, तिकडे नेऊन दुरुस्त केला आणि नामवंत लिलावघरांत मांडला. त्या शहरातल्या गटारांची लोखंडी झाकणेसुद्धा लिलावात गेली.

२०१०-११ मध्ये बोंब झाली. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली. मोजदाद झाली तेव्हा शहरात १२,७९३ वस्तू नोंदल्या गेल्या. २०१६ मध्ये तिथला कॅपिटॉल परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. तरी परदेशातले लिलाव थांबले नाहीत. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना लागू आहे, आणि या खुर्च्या अजून सत्तरीत आहेत.

एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३ साली या खुर्च्यांवर एक चित्रपट केला. तो उलटा चालतो. आधी लंडन-न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्या, मग लिलाव, मग दुरुस्ती, मग जहाज, आणि शेवटी चंदीगडच्या कचेरीत त्याच खुर्चीवर बसलेला कारकून. गंमत अशी की तिने तो चित्रपटही लंडनच्या लिलावातच विकला.

व्यापाऱ्यांना चोर म्हणणारे बरेच आहेत. आम्हाला ते जमत नाही. ज्याने पंचेचाळीस रुपयांची खुर्ची बादलीवर दिली त्याने कुणाला चोर म्हणावे? त्यांनी घेतल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी थंडीत शेकोटीला गेल्या असत्या. पण राग येत नाही असेही नाही. तो राग व्यापाऱ्यांवर आहे की स्वतःवर, हे नीट वेगळे करता येत नाही.

अब्बांनी ही सगळी हकिकत ऐकून एकच प्रश्न विचारला होता. किमतीबद्दल नव्हे. त्यांनी विचारले, ‘तिथे गेल्यावर वेत जुनाच ठेवतात की नवा घालतात?’

आम्ही शोधले. बहुतेक खुर्च्यांना नवा वेत घातलेला असतो. फाटकी जाळी घेऊन लाखोंची खुर्ची कोण दिवाणखान्यात ठेवील?

‘मग जुने काय राहिले?’

‘लाकूड, अब्बा.’

‘हां,’ म्हणाले आणि गप्प झाले.

त्यांच्या मनात काय होते ते आमच्या सावकाश लक्षात आले. लाकूड पन्नास-साठ वर्षे टिकते, म्हणून लाकडाला नाव मिळते. वेत दहा वर्षांत जातो. त्या कचेऱ्यांत प्रत्येक खुर्ची चार-पाच वेळा तरी विणली गेली असेल, कुणा ना कुणा पत्र्याच्या शेडमध्ये, घमेल्यापाशी बसून. प्रत्येक वेळी आधीच्या माणसाचे दोन दिवस कापून उकिरड्यावर टाकायचे आणि आपले दोन दिवस भरायचे. अब्बांनी पस्तीस वर्षे हेच केले. त्यांच्या हाताची एकही जाळी आज कुठे शिल्लक असेल असे आम्हाला वाटत नाही.

२०१२ मध्ये धाकट्याची बँकेतून चंदीगडला बदली झाली. नोव्हेंबरात आम्ही अब्बांना घेऊन गेलो. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून शताब्दीने चंदीगड. अब्बा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. धाकट्याच्या ओळखीचे एक सरदारजी विद्यापीठात कारकून होते. ते म्हणाले, ‘चाचाजी को ले आओ, संग्रहालयात काचेआडच्या बघण्यापेक्षा आमच्याकडे रोजच्या वापरातल्या आहेत.’ मग लगेच जीभ चावून त्यांनी ‘बघण्यापेक्षा’बद्दल माफी मागितली. अब्बा हसले.

खोली साधी होती. फायलींची कपाटे, एक लांब टेबल आणि भोवती दहा-बारा खुर्च्या. अब्बांना आम्ही पहिल्या खुर्चीवर बसवले. त्यांनी हातांवर हात ठेवले. खुर्चीच्या हाताची कड अंगठ्याने चाचपली, मग दोन्ही बाजूंच्या पायांवरून हात खाली जमिनीपर्यंत नेला आणि परत वर आणला. ‘हात बसतो,’ म्हणाले. मग जाळीला हात लावला आणि तोंड कडू केले. ती नायलॉनची होती. दुसरीची पाठ नायलॉनची, बैठक प्लायवूडची. तिसरी तशीच. सरदारजी कानकोंडे झाले. ‘वेतवाला आता मिळत नाही,’ म्हणाले.

सहाव्या खुर्चीला वेत होता. जुना, काळपट, एका कोपऱ्यात तुटलेला. अब्बा तिच्यावर बसले नाहीत. ते खाली जमिनीवर बसले, खुर्ची आडवी करायला सांगितली आणि बैठकीच्या खालच्या बाजूने हात आत घातला. खाली पट्ट्यांची टोके बांधलेली असतात, ती कुणी बघत नाही. बराच वेळ ते चाचपत राहिले. त्यांची बोटे एका गाठीवरून दुसरीवर जात होती, तसबीह फिरवावी तशी. मग आपल्या दखनीत म्हणाले, ‘किने बुन्या रे ये?’

कुणी विणली ही? आम्ही सरदारजींना विचारले. त्यांना काय माहीत! दर दोन-तीन वर्षांनी कंत्राटदार कुणालातरी पाठवायचा, तो व्हरांड्यात बसून काम करून जायचा, नाव कुठे लिहिलेले नाही. रजिस्टरात खुर्चीचा नंबर असतो, विणणाऱ्याचा नसतो.

अब्बा म्हणाले, ‘हा आमच्यातला आहे.’

आम्हाला वाटले मुसलमान म्हणतात. आपाने तसे विचारलेही. अब्बांनी मान हलवली. ‘न दिसणारा. दिसणारा माणूस गाठ डोळ्याआड करतो आणि सोडून देतो. याने प्रत्येक टोक बोटाला टोचणार नाही असे आत वळवले आहे. आम्हाला असेच शिकवत.’

हे खरे की म्हाताऱ्या माणसाचे मनचे मांडे, आम्हाला सांगता येणार नाही. आम्हीही नंतर तिथे बोट फिरवून पाहिले. टोके टोचत नव्हती, एवढे खरे. सरदारजींनी चहा मागवला. अब्बांनी तो जमिनीवर, त्या आडव्या खुर्चीशेजारी बसूनच घेतला. निघताना त्यांनी पाठीमागचा पांढरा नंबर विचारला आणि पाठ केला. पुढे घरी कधी कधी तो ते म्हणून दाखवायचे. आम्ही तो कुठे टिपून ठेवला नाही.

सोलापूरला परतल्यावर आम्ही त्या भंगारवाल्याचा शोध घेतला. आठ वर्षे झाली होती. त्याचा मुलगा भेटला. वडील वारले होते. खुर्च्या? लाकूड बेकरीला जायचे, म्हणाला. आम्ही हे अब्बांना सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही.

शेवटी जुन्या बाजारातून आपाने एक हातांची सागवानी चौकट मिळवली. जानरेची नव्हे, अशीच कुठल्यातरी कचेरीतली. वेत मुंबईहून मागवला. अब्बांच्या बोटांत आता तिरपे पदर ओढायची ताकद नव्हती. आपाची मुलगी तेव्हा नववीत होती, ती बसली. अब्बा शेजारी हात ठेवून सांगायचे, ती ओढायची. रमजानची सुटी होती. रोज दुपारी दोघे ओट्यावर. दोन दिवसांचे काम अठरा दिवस चालले. झाल्यावर अब्बांनी तळहात फिरवला आणि मधल्या एका पदरावर त्यांचे बोट थांबले. पोरीचा चेहरा पडला. ‘उसकूड करू, नाना?’ तिने विचारले. ‘नक्को,’ म्हणाले, ‘बैठने दे.’

आम्ही म्हटले, अब्बा, खाली तुमचे आणि हिचे नाव लिहू या. ते म्हणाले, नाव कशाला, नंबर टाका. आम्ही पांढऱ्या रंगाने ‘१’ टाकला.

शेवटची पाच वर्षे अब्बा त्या खुर्चीवर बसले. गुडघे गेल्यावर मशिदीत त्यांना खुर्चीवर नमाज पढावी लागे, तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या त्यांना मुळीच आवडत नसत. घरी पढताना मात्र याच खुर्चीवर. २०१८ मध्ये ते गेले. खुर्ची आपाच्या घरी आहे. दोन वर्षांपूर्वी बैठकीची जाळी मधोमध खचली, नेमकी त्या चुकलेल्या पदरापाशी नाही, दुसरीकडे. भाची आता पुण्यात नोकरीला आहे, दर ईदला येते तेव्हा या वेळी नक्की विणते म्हणते. वेत आणून ठेवला आहे. माळ्यावर आहे, गोणपाटात गुंडाळून.